सायलेन्सर बदलून गाडी पळेल, पण धंदा पळेल का?



या आठवड्याच्या व्हिडिओत पिकअपच्या हिशेबाबद्दल बोललो. पण एक विषय वेळेअभावी अर्धा राहिला, तो इथे नीट लिहितो. निवांत वाचा आणि शेवटी दिलेलं काम वहीत करा.

आमच्या मागच्या बॅचला दिंडोरी तालुक्यातला एक तरुण होता. स्वतःची बोलेरो पिकअप, बीएस-6, वॉरंटी अजून शिल्लक, महिन्याचा हप्ता 14 हजार. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून टोमॅटो भरायचा, वाशीला उतरवायचा आणि येताना भिवंडीच्या गोदामातून परतीचं भाडं घ्यायचं. जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाला, "सर, पिकअपला पिकअपच राहिला नाही. कसारा घाटात गाडी मरते. एक जण म्हणतोय, सायलेन्सरमधला डीपीएफ काढून टाकू, मोठा पाईप लावू, वरून ईसीएमचं प्रोग्रामिंग बदलू. 42 हजार सांगितलेत. करू का?"

मी म्हटलं, "42 हजारांचं सोड. आधी सांग, गाडी मरते कशामुळे?" तो गप्प झाला.

तुमच्यापैकी कितीतरी जणांना हा प्रश्न पडत असणार. म्हणून आज क्रमाने बघू: हा सायलेन्सर करतो काय, तो बदलून ताकद खरंच वाढते का, आणि वाढली तरी त्यातून पैसे सुटतात का.

सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज कमी करणारा डबा नाही

साधा हिशेब बघा. अडीच लिटरचं चार स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाइतकी हवा आत घेतं. 3000 आरपीएमला म्हणजे मिनिटाला 3750 लिटर. टर्बो त्यात आणखी हवा दाबून भरतो. तेवढी सगळी हवा जळून, तापून, फुगून मागून बाहेर पडायला हवी. वाट अडली तर इंजिनाला धूर ढकलण्यातच ताकद घालवावी लागते. याला बॅक प्रेशर म्हणतात. मोठा पाईप लावा म्हणणारे याच मुद्द्यावर बोट ठेवतात, आणि मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे.

पण पुढचं ऐका. डिझेल इंजिनाची ताकद येते जळणाऱ्या डिझेलमधून. किती डिझेल सोडायचं ते ईसीएम ठरवतो. त्यासाठी तो आत येणारी हवा, टर्बोचा दाब, तापमान अशा सगळ्या सेन्सरकडे बघतो. नुसता मागचा पाईप मोठा केला आणि डिझेलचं माप तेच राहिलं, तर चांगल्या स्थितीतल्या गाडीत हाताला लागेल असा फरक फारसा पडत नाही. आवाज मात्र वाढतो. आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं आपल्याला वाटतं! घड्याळ लावून बघा, घड्याळाला आवाज ऐकू येत नाही.

म्हणूनच पाईपाबरोबर प्रोग्रामिंगसुद्धा गळ्यात मारलं जातं. त्यात डिझेल वाढवतात, टर्बोचा दाब वाढवतात. ताकद वाढते, हे खरं. पण त्याबरोबर धुराचं तापमान वाढतं, टर्बो, पिस्टन आणि हेड गॅस्केटवरचा ताण वाढतो. क्लच आणि गिअरबॉक्स मात्र कंपनीने जुन्या ताकदीसाठी दिलेलेच असतात. रिकाम्या गाडीत हे कळणारही नाही. माल भरून अर्धा तास चढ चढताना कळेल.

मग हा डीपीएफ मध्ये कशाला आला?

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झालं. त्याबरोबर डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आलं, आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर जास्तीचं सामान बसलं. त्यातला डीपीएफ म्हणजे काजळी धरून ठेवणारी गाळणी. चहाची गाळणी भरली की आपण ती झटकतो. डीपीएफ स्वतःला झटकतो तो काजळी जाळून. त्यासाठी आतलं तापमान साधारण 600 अंशांपर्यंत न्यावं लागतं. याला रिजनरेशन म्हणतात.

गाडी हायवेवर सलग चालली तर हे काम आपोआप होतं. पण सातपूर ते अंबड, अंबड ते सिडको अशा छोट्या फेऱ्या, सिग्नलला थांबा, परत बंद-चालू, असं रोज चाललं तर जाळण्याचं काम अर्धवट राहतं. काजळी साठते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. आपण "बघू नंतर" म्हणतो. शेवटी ईसीएम इंजिन वाचवायला ताकद कमी करतो आणि गाडी रांगायला लागते. वर अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनचं जादा डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं.

आता नीट लक्ष द्या. डीपीएफ चोंदला म्हणून गाडी मरतेय, हे बऱ्याचदा खरं असतं. पण तो का चोंदला, याचं उत्तर सहसा दुसरीकडे असतं. इंजेक्टर नीट फवारत नाही, ईजीआर अडकलाय, इंटरकूलरचा पाईप फुटून हवा गळतेय, चुकीच्या दर्जाचं ऑईल टाकलंय, नाहीतर एअर फिल्टर मातीने भरलाय. हवा कमी पडली की काजळी जास्त. काजळी जास्त की डीपीएफ लवकर भरणार. अशा वेळी डीपीएफ काढून टाकणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे. मूळ दुखणं तसंच राहतं, आणि आधी गाळणीत अडकणारी काजळी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जाते.

हा विषय फक्त गाडीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. बाजार समितीत चालू गाडीच्या मागे उभा राहून क्रेट उतरवणारा हमाल कोण असतो? आपलाच माणूस. आणि दिवसाचे बारा तास त्याच गाडीत बसणारे कोण? आपणच.

अमेरिकेतले व्हिडिओ आणि आपला घाट

काळा धूर सोडणाऱ्या, मोठमोठे ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. त्यातल्या फोर्ड आणि रॅमच्या मोठ्या डिझेल गाड्यांची इंजिनं 6.7 लिटरची असतात. आपलं इंजिन त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. त्यांचा उपाय आपल्या गाडीला लावणं म्हणजे बैलाची औषधाची मात्रा शेळीला देणं.

आणि तिकडे हे चालतं असंही समजू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर 2020 मध्ये अंदाज मांडला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धूर-यंत्रणा छेडली गेली. ही छेडछाड तिथेही बेकायदाच आहे, आणि असे किट विकणाऱ्या कंपन्यांवर तिथे दंड बसले आहेत.

ताकद कमी आहे, की वजन जास्त?

त्या तरुणाला मी दुसरा प्रश्न विचारला, "परतीला भरतोस किती?" तो हसला. तुम्हीही हसला असाल!

गणित करू. 100 मीटरला 6 मीटर चढणारा रस्ता धरा आणि ताशी 40 चा वेग. माल धरून 3 टनांची गाडी असेल तर चाकांवर साधारण 32 हॉर्सपॉवर लागते. आता त्यात 800 किलो जादा टाका. त्या जादा वजनासाठीच आणखी साडेआठ हॉर्सपॉवर लागते. म्हणजे 42 हजार घालून इंजिनातून जी ताकद तुम्ही पिळून काढणार, ती ओव्हरलोड खाऊन टाकणार. गाडी पुन्हा होती तिथेच, फक्त इंजिन जास्त तापलेलं.

टोमॅटोचा 20 किलोचा क्रेट, क्रेटसकट 22 किलो धरा. 1700 किलो क्षमतेच्या गाडीत नियमाने 77 क्रेट बसतात. 115 भरले तर 2530 किलो झाले, म्हणजे 830 किलो जास्त.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. म्हणजे नाशिकचा भाजीपाला भरलेली गाडी मुंबईकडे जाताना घाट उतरते. उतारावर सायलेन्सर वाचवत नाही. तिथे ब्रेक, टायर आणि खालचा गिअर वाचवतो. 42 हजार खर्च करायचेच असतील तर आधी ब्रेक लायनर आणि टायरकडे बघा.

परतीच्या चढाला आता दुसरा पर्यायही आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा आहे. कसारा घाट टाळता येतो, पण टोल लागतो. ज्या दिवशी परतीचं भाडं जड आहे आणि वेळेची घाई आहे, त्या दिवशी टोल आणि घाटातलं डिझेल समोरासमोर मांडा. एका फेरीत उत्तर मिळेल, आणि त्यासाठी गाडीचा एक नटही खोलावा लागणार नाही.

आता वहीतला हिशेब

समजा, सांगितलेलं सगळं खरं निघालं. अ‍ॅव्हरेज 12 वरून साडेबारा झालं. महिन्याला गाडी 3000 किलोमीटर चालते. आधी 250 लिटर लागायचं, आता 240. वाचलं 10 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तर महिन्याला 900 रुपये. 42 हजार भागिले 900, म्हणजे जवळजवळ 47 महिने. चार वर्षं! तोवर हप्तेही फिटत आलेले असतील. आणि खरं सांगायचं तर ताकद वाढली की पायही जड होतो, मग हे 900 सुद्धा हाती लागत नाहीत.

आता दुसरी बाजू लिहा.

पहिली ओळ, वॉरंटी. यंत्रणा छेडलेली दिसली की टर्बो किंवा इंजेक्टरच्या दाव्याला कंपनी नकार देऊ शकते. तो खर्च पूर्ण तुमच्या अंगावर.

दुसरी ओळ, विमा. न कळवलेला बदल सापडला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. गाडी बंद असली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

तिसरी ओळ, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग झाला तर कलम 190 खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे, त्याने त्या तीन महिन्यांची किंमत स्वतःच लिहावी. ओव्हरलोडचं कलम 194 वेगळंच: 20 हजार, आणि जादा प्रत्येक टनामागे 2000.

चौथी ओळ, बंद दिवस. पीयूसीत धूर जास्त आला, पासिंगला गाडी परत पाठवली, पुन्हा जुनं सामान शोधून बसवलं, यात पाच दिवस गेले असं धरा. खर्च वजा जाता दिवसाला 1800 सुटत असतील तर 9000 गेले. आणि काढलेला डीपीएफ जपून ठेवला नसेल तर नवा घ्यावा लागणार.

एका बाजूला महिन्याला 900 ची आशा, दुसऱ्या बाजूला या चार ओळी. धंदा म्हणून बघितलं तर हा सौदा बसत नाही.

मग करायचं काय? या क्रमाने जा

1. आधी मोजा. रोजच्या रस्त्यावरचा एक सुरक्षित चढ निवडा. तेवढाच माल, तोच गिअर, तोच वेग. शेजारी बसलेल्या माणसाला वेळ लिहायला सांगा. गाडीवर कुठलंही काम करा, त्याच्या आधी आणि नंतर ही नोंद हवीच.

2. हवेची वाट बघा. एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाईप, त्यांचे क्लॅम्प. पाईपवर तेलकट डाग किंवा चढावर शिट्टीसारखा आवाज आला तर गळती शोधा.

3. धुराची वाट बघा. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचे काळे पट्टे दिसले तर गॅस्केट गेलंय. गंजलेला किंवा चेपलेला पाईप बदला, पण कंपनीच्या मापाचाच घ्या. लटकवायचे रबर तुटले असतील तर तेही बदला. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर त्याच दिवशी काम करून घ्या, त्यात जीवाला धोका आहे.

4. स्कॅनर लावा. डीपीएफच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक, इंजेक्टरची दुरुस्ती-मूल्यं, ईजीआरची स्थिती. हे आकडे कागदावर मागून घ्या. "बघितलं, सगळं ओके" हे उत्तर घेऊ नका.

5. डीपीएफला पळू द्या. शहरातच फिरणारी गाडी असेल तर आठवड्यातून एकदा सिन्नर किंवा घोटीकडचं भाडं मुद्दाम घ्या. दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे सलग चालवा, मध्येच बंद करू नका. रिजनरेशनच्या वेळी वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका, खालचं सामान प्रचंड तापलेलं असतं.

6. ऑईल मॅन्युअलमधलंच. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ऑईल लागतं. काजळी जळते, पण ऑईलची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते. लिटरमागे वाचवलेले शंभर रुपये पुढे हजारांत जातात.

7. फुकटची ताकद घ्या. टायरमधली हवा, घासत राहणारे ब्रेक, घसरणारा क्लच. यातलं एकही बिघडलं असेल तर इंजिन कितीही चांगलं असो, गाडी जडच वाटणार.

ज्यांना खरंच ओढायचं काम आहे

काही जण पिकअपला मागे कॉम्प्रेसर, जनरेटर किंवा छोटा ट्रेलर जोडतात. तुमच्यासाठी पहिला आकडा हॉर्सपॉवरचा नाही. कंपनीने ही गाडी ओढकामासाठी मान्य केली आहे का, आणि गाडी व ट्रेलर मिळून किती वजन चालतं, तो आकडा आधी बघा. हुक आणि चासीचा जोड त्याच मापाचा हवा. ट्रेलरची नोंदणीही वेगळी लागते. त्याबद्दल पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारून घ्या, ट्रेलर विकत घेतल्यावर नाही. आणि काम रोजचंच असेल तर लहान गाडीला मोठी बनवण्याच्या नादी लागू नका. मोठ्या क्षमतेची गाडी घेण्याचा हिशेब मांडा किंवा जड कामापुरती भाड्याने घ्या. गाडीची क्षमता कागदावर वाढली की भाड्याचा दरही उघडपणे वाढवून मागता येतो. सायलेन्सर बदलून तो वाढत नाही.

त्या तरुणाचं काय झालं?

त्याने 42 हजार खर्च केले नाहीत. गाडी स्कॅनरला लावली. इंटरकूलरचा रबरी पाईप क्लॅम्पजवळ चिरला होता, एअर फिल्टर मातीने भरला होता, आणि डीपीएफ त्यामुळेच सारखा भरत होता. पाईप, फिल्टर, रिजनरेशन, सगळं मिळून 3200 रुपये बिल झालं. परतीला त्याने भरती कमी केली आणि भिवंडीच्या पार्टीला स्पष्ट सांगितलं, "एवढाच माल, पण सकाळी आठला दारात." एक पार्टी तुटली, दोन टिकल्या. परवा फोनवर म्हणाला, "सर, गाडी रॉकेट नाही झाली, पण घाटात लाज नाही काढत."

मित्रांनो, धंद्यात अडथळा दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. पैसे खर्च करण्याआधी तो शोधायला शिका, मग गाडी असो नाहीतर दुकान.

तुमचं या आठवड्याचं काम: वहीच्या एका पानावर चार आकडे लिहा: सरासरी फेरीचं वजन, खरं अ‍ॅव्हरेज, महिन्यात गाडी बंद असलेले दिवस आणि चढावरची वेळ. चारही आकडे हातात असल्याशिवाय गाडीवर पाच हजारांच्या वरचं कुठलंही काम काढू नका.

पुढच्या व्हिडिओत परतीचं भाडं कसं ठरवायचं ते बघू. तोपर्यंत सावकाश चालवा, हिशेब मात्र फास्ट ठेवा!